चालता चालता चार्ज? आधी हिशोब तर करा!

वारंगा फाट्यावर नांदेडच्या एसटीची वाट बघत तुम्ही कधी गरमागरम खिचडी खाल्ली असेल, तर तिथलं दुसरं दृश्यही ओळखीचं असेल. हॉटेलात चालू सॉकेट एक आणि त्याच्यासाठी ताटकळलेले मोबाइल चार. अशात 'चाला आणि फोन चार्ज करा' असं सांगणारी रील समोर आली की वाटतं, बास, हेच तर पाहिजे होतं! पण मित्रांनो, शेअर करण्याआधी कागद-पेन घ्या.

कल्पना खोटी नाही, नवीही नाही. आजोबांचं ऑटोमॅटिक घड्याळ आठवा. हात हलला की आतलं अर्धगोल वजन फिरायचं आणि स्प्रिंगला आपोआप चावी बसायची. सेइकोने 1988 मध्ये अशाच वजनाला इवलासा जनरेटर जोडला आणि क्वार्ट्झ घड्याळ त्यावर चालवलं. घरातला गॅसचा लायटरही याच खानदानातला. स्फटिकावर दाब पडला की वीज तयार होते, हे क्युरी बंधूंनी 1880 मध्येच दाखवलं होतं.

मग अडतं कुठं? आकड्यांत. अमेरिकेतल्या एमआयटीच्या शेंक आणि पॅराडिसो यांनी बुटाच्या टाचेत असा दाबाचा पदार्थ बसवला. 2001 च्या त्यांच्या लेखात चालताना मिळणारी सरासरी वीज आहे साधारण 8 मिलिवॅट. तुमच्या 5000 एमएएचच्या फोनमध्ये मावतात सुमारे 19 वॅट-तास. म्हणजे एका बुटावर, रोज आठ तास चाललात आणि वाटेत काहीच वाया गेलं नाही, तरी एकदा फुल्ल चार्ज व्हायला जवळपास दहा महिने! तोपर्यंत बुटाचा तळ राहील का, हा वेगळाच प्रश्न.

जास्त वीज काढता येते, नाही असं नाही. 2008 मध्ये मॅक्स डोनेलन यांच्या गटाने गुडघ्यावर बांधायचं यंत्र केलं. पाय पुढे टाकून थांबवताना स्नायू तसाही ब्रेक मारतात, तिथंच हे यंत्र वीज काढतं. दोन्ही पायांतून मिळून सुमारे 5 वॅट. भारीच! फक्त प्रत्येक पायाला 1.6 किलोचं ओझं. त्याआधी 2005 मध्ये पाठीवरच्या सॅकमधून 7 वॅटपर्यंत वीज काढून झाली होती, तीही 38 किलो वजन घेऊन.

हे 38 किलो वाचून मला जाहिरातीतला जॉगर नाही, आपल्याकडचे हमाल आणि हळद काढणीला दिवसभर वाकणाऱ्या बाया आठवल्या. सगळ्यात जास्त हालचाल त्यांच्याच शरीराची. ही वीज फुकटची नसते, ती शेवटी पोटातल्या भाकरीतूनच येते. डोनेलन यांच्यासारखं वाया जाणारं तेवढंच उचललं तर ठीक. पण ज्याची हाडं आधीच दुखतात, त्याच्यावर 'ग्रीन एनर्जी' म्हणून आणखी वजन लादायला माझा साफ विरोध आहे.

मग हे सगळं बंद करायचं? अजिबात नाही. उलट खरी मजा छोट्या विजेत आहे. पेसमेकरला लागते साधारण 10 मायक्रोवॅट, म्हणजे त्या बुटाच्या 8 मिलिवॅटचा आठशेवा भाग. पण त्याची बॅटरी संपली की पुन्हा ऑपरेशन. आपल्या भागातल्या पेशंटसाठी म्हणजे गाडीभाडं, बुडालेली मजुरी आणि घरभर टेन्शन. 2019 मध्ये चीनमधल्या संशोधकांनी डुकरांवर प्रयोग करून हृदयाच्या ठोक्यांवरच पेसमेकर चालवून दाखवला. स्वेटर काढताना जी चटचट होते ना, तीच घर्षणाची वीज त्यात वापरली होती. माणसासाठी ते यायला अजून बराच वेळ आहे, पण दिशा मला हीच पटते.

म्हणून इंजिनिअरिंगवाल्यांनो, तुम्हाला एक विनंती. फरशीवर पाय ठेवला की एलईडी लागतो, हा प्रोजेक्ट आता पुरे. लायटर दाबूनही ठिणगी पडतेच की! एका पावलाला किती मिलिज्यूल मिळाले, साठवताना किती गेले, महिनाभर घाम आणि धूळ खाऊन ते यंत्र टिकलं का, हे मोजून लिहा. उन्हाळ्यात पोलीस भरतीसाठी पहाटे पळणारी पोरं गावोगाव आहेत, टेस्टिंगला दुसरी लॅब कशाला हवी? फक्त त्यांना आधी विचारा, आणि यंत्र हलकं ठेवा.