डिस्क टाकली, पण जागा वाढलीच नाही! व्हीएमवेअर सोडताना ही चूक टाळा

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली आणि महिन्याभरातच एकदा पैसे भरून कायमचं मिळणारं लायसन्स बंद केलं. आता फक्त सबस्क्रिप्शन. तेव्हापासून अनेक कंपन्या प्रॉक्समॉक्ससारख्या ओपन सोर्स पर्यायाकडे वळल्या. आमचीही वळली. लायसन्सचा खर्च वाचला, पण दुसरा एक खर्च कोणी धरलाच नव्हता.

मोबाइलची जागा संपली की आपण मेमरी कार्ड टाकतो, विषय संपला. सर्व्हरच्या क्लस्टरमध्ये मात्र तसं नसतं. तिथे ‘सेफ’ नावाचं सॉफ्टवेअर सगळ्या सर्व्हरच्या डिस्क मिळून एकच मोठं स्टोरेज तयार करतं. डेटाच्या सहसा ३ कॉपी असतात आणि त्या ३ वेगवेगळ्या सर्व्हरवर राहतात. एक सर्व्हर बंद पडला तरी काम थांबत नाही.

नेमकं काय चुकलं?

आमच्याकडे ३ सर्व्हर, प्रत्येकात ४ टीबी. एकूण १२ टीबी, पण ३ कॉपींमुळे प्रत्यक्ष वापरायला ४ टीबीच. स्टोरेज ८७ टक्के भरलं होतं. सेफ ८५ टक्क्यांना इशारा देतं आणि ९५ टक्क्यांना नवीन डेटा लिहिणंच थांबवतं. म्हणजे त्यावर चालणारी सगळी अ‍ॅप्स अडकणार.

मी घाईघाईत एका सर्व्हरमध्ये ४ टीबीची डिस्क टाकली. स्क्रीनवर एकूण १६ टीबी दिसले. खूश झालो. पण वापरायची जागा तेवढीच! कारण प्रत्येक सर्व्हरवर एक कॉपी हवीच आणि बाकीचे दोन सर्व्हर अजून ८७ टक्क्यांवरच होते.

आधीच्या इंजिनिअरने ठेवलेली फाइल अर्ध्या पानाची होती. त्यात डिस्क जोडायची कमांड होती, ही अट नव्हती. अधिकृत मॅन्युअलमध्ये सापडेल, पण काय शोधायचं हे आधी माहीत हवं ना!

शेवटी उरलेल्या दोन्ही सर्व्हरमध्येही तेवढीच डिस्क टाकली. डेटा इकडून तिकडे हलताना सिस्टीम मंदावते, म्हणून हे काम रात्री, एकेक करून केलं. आता वापरायला ८ टीबी आहेत.

मग धडा काय?

लायसन्सचे वाचलेले पैसे म्हणजे निव्वळ नफा नाही. त्यातला थोडा वेळ आणि पैसा शिकण्यावर आणि लिहून ठेवण्यावर घालवावाच लागतो. आमची फाइल आता ६ पानांची आहे. पहिल्याच ओळीत लिहिलंय: डिस्क टाकायची तर तिन्ही सर्व्हरमध्ये सारखीच.