स्वच्छतेचा खर्च कोणाचा?

सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न निघाला की आपल्याकडे जनतेला सवयींचा उपदेश सुरू होतो. झाडू धरा, हात धुवा, उघड्यावर बसू नका. उपदेश खोटा नाही. पण राज्यकर्ते त्याच्या आड स्वतःचे कर्तव्य दडवतात, हा आमचा आक्षेप आहे.

औद्योगिक इंग्लंडचा इतिहास काय सांगतो? कष्टकऱ्यांच्या आरोग्यस्थितीवरील एडविन चॅडविकचा अहवाल १८४२ सालचा, सार्वजनिक आरोग्याचा कायदा १८४८ चा. तरीही कारखान्यांची शहरे पुढे वीस-पंचवीस वर्षे घाणीतच राहिली. कायद्यात सक्ती थोडी होती आणि नगरपालिकांवर पट्टी वाचवू पाहणाऱ्या मालमत्ताधारकांचे वर्चस्व होते. १८६७ साली पुष्कळ शहरी कामगारांना मताधिकार मिळाला, त्यानंतर चित्र पालटू लागले. बर्मिंगहॅमचा महापौर जोसेफ चेंबरलेन समाजवादी नव्हता, स्क्रूचा कारखानदार होता. तरी त्याने १८७६ मध्ये खाजगी पाणीकंपनी पालिकेच्या मालकीची केली. पाण्यावर नफा नको, ही त्याची भूमिका. साथी हटल्या त्या नुसत्या उपदेशाने नव्हे, तर जमिनीखाली घातलेल्या सार्वजनिक पैशाने.

आता अकलूजकडे पाहू. गाव नीरेकाठी. नीरा नरसिंहपूरला भीमेस मिळते आणि तीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. तुकोबांच्या पालखीबरोबर अकलूजला विसावणारा वारकरी पुढे ज्या पाण्यात स्नान करतो, त्यात वरच्या गावांचे सांडपाणी मिसळू द्यायचे आणि दोष मात्र त्याच्या सवयींना द्यायचा, हा कोणता न्याय? घरोघरी संडास बांधले म्हणजे काम संपत नाही. मैला जातो कुठे? भरलेली टाकी उपसतो कोण? हाताने मैला उपसण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरी गटारांत उतरून माणसे मरतातच, आणि ती बहुधा कोणत्या जातींची असतात हे सर्वांना ठाऊक आहे.

अकलूजची ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद आली. नाव मोठे झाले, तिजोरीचे काय? जकात कधीच गेली. आता छोटी शहरे अनुदानासाठी मुंबईच्या तोंडाकडे पाहतात. म्हणून कार्यकर्त्यांनी स्वच्छता-फेरीत झाडू जरूर धरावा, पण दुसऱ्या हातात नगरपरिषदेचे अंदाजपत्रक असावे. भुयारी गटारे, मैलाशुद्धीकरण आणि सफाई कामगारांचे वेतन या तीन रकमा प्रत्येक वॉर्डात मोठ्याने वाचून दाखवाव्यात. त्या अपुऱ्या असतील तर शासनाकडे अल्प व्याजाचे दीर्घ मुदतीचे कर्ज आणि वाढीव अनुदान मागावे. मत हाती असूनही आपण एवढे मागणार नसू, तर इंग्लंडचे दाखले कशाला द्यायचे?