शेपूट कापण्याआधी

नवजात बाळाच्या कमरेखाली बोटभर लांबीचं मऊ, मांसल शेपूट दिसलं की आपल्याकडे दोन पक्ष लगेच उभे राहतात. एक म्हणतो, मारुतीराय घरी आले. दुसरा म्हणतो, ही उत्क्रांतीची खूण, निरुपद्रवी आहे, कापून टाका.

पहिल्या पक्षाची श्रद्धा मला समजते. पण ती मुलाच्या आड येते. पंजाबातल्या एका मुलाला अशा शेपटीमुळे हनुमानाचा अवतार मानलं गेलं. लोक त्याच्या पाया पडत, पण त्या पायांत चालायचं बळ का नाही, हे विचारणारे थोडे.

माझा खरा वाद दुसऱ्या पक्षाशी आहे, कारण तो विज्ञानाच्या नावावर चुकतो. त्याचा युक्तिवाद आधी पुरता मांडायला हवा. चार-पाच आठवड्यांच्या मानवी गर्भाला शेपूट असतं, त्यात दहा-बारा मणक्यांची पूर्वरचनाही असते, आणि आठव्या आठवड्यापर्यंत ते विरून जातं. हे सगळं खरं आहे. 1982 साली अमेरिकेत फ्रेड लेडली यांनी अशाच एका बाळावर लिहिताना उत्क्रांतीचा धागा पुढे आणला. 1984 मध्ये डाओ आणि नेट्स्की यांनी ‘खरं शेपूट’ आणि ‘खोटं शेपूट’ अशी विभागणी केली. खरं असेल तर ते सहज काढता येतं, मागे काही त्रास राहत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. अनेकांनी तेवढंच लक्षात ठेवलं.

पण हे गर्भातलंच शेपूट मागे राहिलं असेल, तर त्यात मणके कुठे आहेत? माकडाच्या शेपटीत ते टोकापर्यंत असतात. ‘खऱ्या’ मानवी शेपटीत सापडतात चरबी, तंतू, थोडे स्नायू, रक्तवाहिन्या आणि नसा. लेडलींच्या बाळाच्या शेपटीतही मणके नव्हते. शिवाय अशा कित्येक वाढी माकडहाडाच्या टोकाला नसतातच. त्या वर, कमरेच्या मणक्यांपाशी असतात. तिथे गर्भाला कधीच शेपूट नव्हतं.

खरा संबंध वेगळा आहे. गर्भाची त्वचा आणि मज्जारज्जू एकाच थरातून घडतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मज्जानलिका मिटते आणि त्वचेपासून सुटी होते. हे सुटणं कुठे अर्धवट राहिलं, तर वर शेपूट, चरबीची गाठ, केसांचा झुपका किंवा खळगा दिसतो आणि आत मणक्याची कमान उघडी राहते. वैद्यकात याला स्पायना बायफिडा म्हणतात. 1998 मध्ये तैवानच्या डॉक्टरांनी शेपटीच्या 59 नोंदी तपासल्या. जवळजवळ निम्म्यांत मणक्याचा जन्मजात दोष होता आणि सुमारे पाचव्या हिश्श्यात मज्जारज्जू खाली जखडलेला होता. शेपूट ‘खरं’ की ‘खोटं’ हे ठरवून कणा निर्दोष असल्याची खात्री मिळत नाही.

जखडलेला मज्जारज्जू म्हणजे दाव्याला बांधलेलं वासरू. मूल उंच होतं, कणा वाढतो, पण रज्जूला वर सरकता येत नाही. तो ताणला जातो. मग सहा-सात वर्षांचं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागतं, एक पाऊल आत वळतं, टाच घासत चालतं. अशा वेळी फक्त बाहेरचं शेपूट कापलेलं असेल, तर डॉक्टरला सावध करणारी खूण गेलेली असते आणि आतलं दावं तसंच असतं. शेपटाचा देठ मज्जारज्जूच्या आवरणापर्यंत पोचत असेल, तर कापताना पाठीतलं पाणी झिरपू शकतं, मेंदूच्या आवरणाला संसर्ग होऊ शकतो.

उत्क्रांतीला या शेपटाच्या पुराव्याची गरजही नाही. आपलं माकडहाड पुरेसं आहे. 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की वानरकुळात शेपूट नाहीसं होण्यामागे टीबीएक्सटी जनुकात घुसलेला डीएनएचा एक छोटा तुकडा असावा. तोच परिणाम घडवलेल्या उंदरांत शेपटं आखूड झाली किंवा गेली, आणि काहींत मज्जानलिका नीट मिटली नाही. शेपूट आणि कणा यांचा उत्क्रांतीशी असलेला धागा इथे अधिक ठोसपणे सापडतो, तोही कोणत्याही मुलाला नमुना न करता.

‘निम्म्यांना दोष नसतो, मग सगळ्यांची तपासणी कशाला?’ हा आक्षेप मला मान्य नाही. कोणत्या निम्म्यांना दोष आहे, हे वरून कळत नाही. पहिल्या काही महिन्यांत मणक्यांच्या कमानी कूर्चेच्या असतात, म्हणून साध्या सोनोग्राफीत मज्जारज्जूचं टोक दिसतं: ते कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतं का, हलतं का. शंका आली तर एमआरआय, आणि मग न्यूरोसर्जन ठरवतील. त्याआधी सुरी नको, दोरा बांधून गाळणं तर नकोच.

2013 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मज्जानलिकेचे दोष तपासणीच्या यादीत आहेत. त्यासाठी प्रत्येक प्रसूतिगृहात बाळाला पालथं घालून, मानेपासून नितंबांच्या फटीपर्यंत बोट फिरवून पाहिलं पाहिजे, आणि शेपूट, झुपका वा गाठ दिसली तर डिस्चार्ज कार्डावर ‘कण्याची सोनोग्राफी’ असं लिहून द्यायला हवं.