सरांच्या भरवशावर

उन्हाळी सुट्टी लागली की बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणीची पोरं बुटांची पिशवी घेऊन घराबाहेर पडतात. कुणी कोल्हापूरला सामने खेळायला, कुणी मडगावला किंवा बेंगळुरूला निवड चाचणीला. आईबाप बसस्टँडपर्यंत येतात, खर्चाचे पैसे देतात आणि म्हणतात, 'सर, तुमच्या भरवशावर सोडलाय बघा.' आपल्या भागातला फुटबॉल या भरवशावरच उभा आहे. नोकरी सांभाळून संध्याकाळी फुकट शिकवणारी, पदरचे पैसे घालून चेंडू आणणारी माणसं नसती, तर निम्मी मैदानं ओस पडली असती. त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण याच भरवशाचा आधार घेऊन जगात काय काय घडलं, ते या सदरात एकदा स्पष्टपणे लिहायला हवं.

नोव्हेंबर २०१६ मध्ये इंग्लंडचा माजी फुटबॉलपटू अँडी वुडवर्ड याने 'गार्डियन' या वर्तमानपत्राला मुलाखत दिली. क्रू अलेक्झांड्रा क्लबमध्ये शिकत असताना प्रशिक्षक बॅरी बेनेल याने आपल्यावर वर्षानुवर्षं लैंगिक अत्याचार केले, हे त्याने स्वतःच्या नावानिशी सांगितलं. तेव्हा तो ४३ वर्षांचा होता. पाठोपाठ मदतीसाठी उघडलेल्या दूरध्वनी क्रमांकावर पहिल्याच आठवड्यात ८०० हून अधिक फोन आले. वर्तमानपत्रांतून, दूरचित्रवाणीवरून एकेक माजी खेळाडू बोलू लागला. बेनेलला २०१८ मध्ये ३० वर्षांची शिक्षा झाली. २०२३ मध्ये तो तुरुंगातच मेला.

बेनेलची पद्धत समजून घेतली पाहिजे. हा माणूस अंधारात दबा धरून बसलेला नव्हता. गुणी पोरं हेरण्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही, अशी त्याची ख्याती होती. पोरं त्याच्या घरी मुक्कामाला असत. घरात खेळायची यंत्रं होती, माकडासारखे प्राणी पाळलेले होते. संघात कोण राहणार आणि कोण घरी जाणार, हे त्याच्या हातात होतं. आईबाप त्याचे उपकार मानत. पुढे त्याने वुडवर्डच्या सख्ख्या बहिणीशी लग्न केलं आणि वुडवर्ड त्या लग्नाला गप्प उभा राहिला. त्या वयाच्या पोराला दुसरं काय करता येणार होतं? बोलला असता तर बहिणीचा संसार, स्वतःचा खेळ आणि घराची अब्रू, सगळं एकदम पणाला लागलं असतं.

क्लबांनी आणि फुटबॉल संघटनेने काय केलं? याची चौकशी करणाऱ्या क्लाइव्ह शेल्डन यांचा अहवाल मार्च २०२१ मध्ये आला. १९७० ते २००५ या काळात किमान २४० संशयित आणि ६९२ पीडित असल्याचं त्यात नोंदलं आहे. कुजबुज कानावर येऊनही काही क्लबांनी नीट चौकशी केली नाही. बेनेल १९९५ मध्येच अमेरिकेत दोषी ठरला होता, तरीही इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने मुलांच्या रक्षणासाठी पुरेसं काही करायला २००० साल उजाडलं. या मधल्या पाच वर्षांना अहवालाने संस्थेचं अपयश म्हटलं आहे. तिथल्या पदाधिकाऱ्यांनी एकत्र बसून कट रचल्याचा पुरावा शेल्डन यांना मिळाला नाही. मला जास्त अस्वस्थ करतं ते हेच. कट लागतच नाही. 'आपल्याला काय करायचंय' असं दहा जणांनी आपापल्या जागी मनात म्हटलं, तरी पोराच्या भोवती भिंत उभी राहते.

हे इंग्लंडात घडलं म्हणून आपण निश्चिंत राहू नये. चोर्ला घाट उतरला की गोवा. तिथे मडगावात फ्रेडी पीट्स नावाचा माणूस अनाथ मुलांचं वसतिगृह चालवत होता. लोकांच्या नजरेत तो परोपकारी म्हातारा होता. १९९१ मध्ये त्याला अटक झाली तेव्हा मुलांची २,३०० हून अधिक अश्लील छायाचित्रं सापडली. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराबद्दल १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. तिथे फुटबॉल नव्हता, पण उपकार करणाऱ्यावर संशय घ्यायचा नाही ही सवय तीच होती. आणि तिथे बळी गेलेले मुलगे होते. 'मुलग्याला काय होतंय' असं म्हणणाऱ्यांसाठी केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा २००७ चा अभ्यास आहे. १३ राज्यांतल्या त्या पाहणीत लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगणाऱ्या मुलांमध्ये निम्म्याहून अधिक मुलगेच होते.

भारतीय फुटबॉलचं म्हणाल, तर २०२२ च्या जूनमध्ये १७ वर्षांखालील मुलींचा संघ युरोपच्या दौऱ्यावर असताना एका सहायक प्रशिक्षकावर अल्पवयीन खेळाडूशी लैंगिक गैरवर्तन केल्याचा आरोप झाला. त्याला परत बोलावलं, बडतर्फ केलं, मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हाही नोंदवला गेला. दोषाचा निवाडा न्यायालयाचा. पण तक्रार दौरा संपायच्या आत वर पोहोचली आणि दाबली गेली नाही, हे मला मोलाचं वाटतं. भारतीय फुटबॉल महासंघाच्या पहिल्या निवेदनात मात्र नुसतं 'गैरवर्तन' आणि 'एक व्यक्ती' एवढंच होतं. मुलीची ओळख झाकलीच पाहिजे, कायदाच तसा आहे. कृत्याचं स्वरूप झाकायची काय गरज होती?

आता आपल्या मैदानांकडे येतो. पॉक्सो कायदा २०१२ चा. असा गुन्हा झाल्याचं कळलं, किंवा होईल अशी धास्ती वाटली, तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाचालकाने कळवला नाही, तर त्याला वर्षापर्यंत कैद होऊ शकते. बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात २०२४ मध्ये संस्थाचालकांवर याच तरतुदीखाली गुन्हा दाखल झाला. क्लबाच्या अध्यक्षाला, स्पर्धेच्या आयोजकाला हे ठाऊक असतं का? 'आधी आपापसात विचारून बघू, क्लबाचं नाव जाईल' हे वाक्य समजूतदार वाटतं. कायद्याच्या नजरेत तोच गुन्हा आहे. शिवाय २०२० च्या नियमांत क्रीडा अकादमींचा स्पष्ट उल्लेख आहे. मुलांशी ज्यांचा नेहमी संबंध येतो, अशा प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करायची आहे.

सीमाभागात एक अडचण जास्तीची. पोरगं निपाणीचं, घडलं गोव्यात, पोलीस ठाण्याचे कागद कन्नडमध्ये. घरच्यांना वाटतं, आपलं कोण ऐकणार? म्हणून हे नीट लक्षात ठेवावं. गुन्हा कुठेही घडलेला असो, तक्रार जवळच्या ठाण्यात देता येते. ठाणेदाराला हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. जबाब मुलाला न कळणाऱ्या भाषेत लिहिला जात असेल, तर दुभाषी द्यावा लागतो, हे पॉक्सोच्या १९ व्या कलमात लिहिलेलं आहे. भाषेच्या हक्कासाठी आपण इतकी वर्षं भांडतो. हा हक्क तर कायद्याने आधीच दिलेला आहे, तो मागायला कुणी कचरू नये. पोराचा जबाब त्याच्या घरी, साध्या वेशातल्या पोलिसांनी घ्यायचा असतो. १०९८ हा क्रमांक मुलांसाठीच आहे.

आणि ज्यांची पोरवयं उलटून तीस वर्षं झाली, त्यांच्यासाठीही एक गोष्ट. अशा गंभीर गुन्ह्यांना मुदतीची आडकाठी नाही, हे केंद्राने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. २०१२ च्या आधी घडलेल्या गुन्ह्याला पॉक्सो लागत नाही, पण तेव्हाची दंडसंहिता लागते. चाळिशी-पन्नाशीचा माणूस आज बोलला तर 'इतकी वर्षं गप्प का होतास' असं त्याला विचारू नका. तो का गप्प होता, हे वुडवर्डने सांगून झालंय.

आमच्या संघटना आणि क्लब यांच्याकडे माझं मागणं लांबलचक नाही. परगावच्या दौऱ्यावर मोठी माणसं दोन असावीत, त्यातला एक पालक असावा. मुलींचा संघ असेल तर बाई हवीच. खोलीत एकट्या पोराबरोबर एकट्या मोठ्या माणसाने मुक्काम करू नये, मग तो कितीही नावाजलेला असो. तक्रार ऐकणारी व्यक्ती क्लबाच्या कार्यकारिणीबाहेरची असावी. तिचं नाव आणि फोन नंबर मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत खेळाडूंच्या नोंदणी अर्जावर छापलेला असावा. नव्या मोसमाचे अर्ज अजून छापायला गेलेले नाहीत.