रकाने आखण्यापूर्वी

पुस्तकांवर वाचकांनी अभिप्राय लिहावेत, तारे द्यावेत, एकमेकांची मते वाचावीत अशी साइट काढायची, तर कोणती माहिती कोणत्या टेबलात आणि कोणत्या रकान्यात ठेवायची हे सगळ्यात आधी ठरवावे लागते. हे काम संगणकवाल्यांचे, आपल्याला काय त्याचे, असे बहुतेकांना वाटते. मला तसे वाटत नाही. ज्या गोष्टीला रकाना नाही ती साइटला कधी कळतच नाही. म्हणून रकाने आखताना वाचणाऱ्या माणसाने शेजारी बसावे. माझी नात सध्या अशी साइट बांधते आहे, त्यामुळे आमच्याकडे हा विषय रोज निघतो.

ही टेबलांची पद्धत एडगर कॉड यांनी १९७० साली, आयबीएममध्ये असताना मांडली. तिचे सार मला समजले ते असे: एक माहिती एकाच जागी लिहावी, इतरत्र तिचा फक्त क्रमांक द्यावा. शाळेत नोकरी केलेल्यांना यात नवीन काही नाही. जनरल रजिस्टरला प्रत्येक मुलाचा नंबर वेगळा. वर्गात एकाच नावाचे दोघे असले तरी नंबरावरून घोटाळा होत नाही. यालाच ही मंडळी प्रायमरी की म्हणतात.

पुस्तकांना हा नियम लावताना मात्र विचार करावा लागतो. ‘श्यामची आई’ घ्या. साने गुरुजी १९५० साली गेले. आपल्या कायद्याप्रमाणे साठ वर्षांनी, म्हणजे २०११ पासून, त्यांची पुस्तके कोणालाही छापता येतात आणि बऱ्याच जणांनी ती छापली आहेत. आता एखाद्याने लिहिले, “अक्षर बारीक, छपाईच्या चुका फार,” आणि दोन तारे दिले. हे दोन तारे गुरुजींना की छापणाऱ्याला? पुस्तकांचे टेबल एकच असेल तर ते गुरुजींच्या नावावर जमा होणार! म्हणून साहित्यकृतीचे टेबल निराळे आणि आवृत्त्यांचे निराळे हवे. लेखकांचेही तसेच. कविता कुसुमाग्रजांच्या आणि नाटके वि. वा. शिरवाडकरांची, पण माणूस एकच. त्याला क्रमांक एक द्यावा आणि नावे दोन लिहावीत.

अभिप्रायाच्या टेबलात सभासदाचा क्रमांक, कृतीचा क्रमांक, माहीत असल्यास आवृत्तीचा क्रमांक, तारे, मजकूर आणि तारीख एवढे पुरे. सभासद आणि कृती ही जोडी एकदाच यावी असे बंधन घालता येते. मग एकाच नावाने दहा वेळा मत नोंदवता येत नाही. ताऱ्यांचा रकाना मात्र रिकामा ठेवण्याची मुभा हवी. काहींना लिहायचे असते, मार्क द्यायचे नसतात. तिथे शून्य भरणे हा अन्याय आहे. निकालपत्रकात गैरहजर आणि शून्य यांतला फरक आपण जन्मभर सांभाळला. डेटाबेसही रिकामी जागा सरासरीत धरत नाही, शून्य मात्र धरतो.

माझा खरा आक्षेप सरासरीवरच आहे. दहा जणांनी तीन-तीन तारे दिले तर सरासरी तीन. पाच जणांनी पाच दिले आणि पाच जणांनी एक, तरी सरासरी तीनच. पहिले पुस्तक बेताचे आहे, दुसऱ्यावरून घरात भांडण होईल. मला दुसरे वाचायला आवडेल, पण नुसत्या आकड्यावरून ते कळणार कसे? लाखो अभिप्राय झाले की दर वेळी हिशेब करायला वेळ लागतो, म्हणून सरासरी साठवून ठेवतात. ते मान्य. पण ती सोयीपुरती नक्कल आहे. मूळ ओळी जपल्याच पाहिजेत, आणि कोणी किती तारे दिले तेही वाचकाला दिसले पाहिजे.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सभासद साइट सोडून गेला की त्याच्या अभिप्रायांचे काय करायचे? डेटाबेसला एक सूचना देऊन ठेवता येते, की सभासदाची ओळ पुसली की तिला जोडलेले सगळे आपोआप पुसावे. दुसरीही देता येते: मजकूर राहू द्यावा, फक्त नाव गाळावे. हे टेबल आखतानाच ठरते आणि सभासदाला त्याचा पत्ताही नसतो. शाळेच्या रजिस्टरात दाखला घेऊन गेलेल्या मुलाचे नाव आपण खोडत नाही, गेल्याची तारीख लिहितो. पण ती शाळेची नोंद असते. अभिप्राय हे त्या माणसाचे स्वतःचे शब्द असतात. ते ठेवायचे की न्यायचे हे जाताना त्याला विचारावे. तेवढ्यासाठी एक रकाना वाढवावा लागला तरी वाढवावा. त्यात कंजूषी नको.

बाकी तारे कोणत्या रंगाचे असावेत यावर मला काही म्हणायचे नाही.