अंगणातली शहाबादी
अंगणातली फरशी डुगडुगायला लागली की लोक फटीत सिमेंट ओततात. पहिल्याच पावसात ते निघून येतं. दुखणं वर नसतं, खाली असतं. नाण्याने वाजवून बघा, पोकळ आवाज आला तिथे मालाने फरशी धरलेलीच नाही. ती पहारीने अलगद उचला, खालची माती धुमसून घट्ट करा, नवा माल पसरा, मीटरमागे १ सेंटीमीटर उतार घरापासून बाहेर ठेवा आणि तीच फरशी परत बसवा. शहाबादी फरशी म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादचा चुनखडीचा दगड. डाग काढायला त्यावर अ‍ॅसिड ओतलेलं मला बघवत नाही. अ‍ॅसिड दगडच खातं, पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी आलेली गुळगुळीत झळाळी जाते. सांधे भरल्यावर सात दिवस पाणी मारा. तोवर स्कूटर रस्त्यावरच राहू द्या.