तलाव भरला, पण पाटचारी?

गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा तालुक्यात, नागझिऱ्याच्या जंगलालगत चोरखमारा हे गाव आहे. तेथील तलाव प्रसिद्ध आहे. परंतु तलाव तुडुंब भरला म्हणून कालव्याच्या टोकाकडील बांधीला पाणी मिळतेच असे नाही, हे कोणताही धान पिकवणारा तुम्हांला सांगेल. मधल्या पाटचाऱ्या धड असाव्या लागतात. माहितीच्या बाबतीतही आज हेच घडत आहे.

देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती प्रकाशतंतूने जोडण्याची योजना भारत सरकारने २०११ साली मंजूर केली. तिलाच पुढे ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. प्रकाशतंतू म्हणजे केसाइतका बारीक काचेचा धागा. त्यात शिरलेला प्रकाश पूर्ण आंतरिक परावर्तनामुळे बाहेर न पडता पुढेपुढे सरकतो. ही काच इतकी शुद्ध असते की १५ किलोमीटर गेल्यावरही जवळजवळ निम्मा प्रकाश शिल्लक राहतो. (खिडकीची काच एवढी जाड असती, तर पलीकडे मिट्ट काळोखच दिसला असता!) जंगलाच्या मुलखात या धाग्याचे महत्त्व अधिक. झाडांच्या पानांतील पाणी बिनतारी लहरी शोषून घेते आणि टेकड्या त्यांना अडवतात. काचेतल्या प्रकाशाला यांपैकी कशाचीच बाधा होत नाही.

मात्र हा धागा ग्रामपंचायतीच्या दाराशी येऊन थांबतो. तेथून शाळेपर्यंत आणि टोल्यांपर्यंत तो कोणी न्यायचा? मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा फोन असलेल्या घरातील मुलाचा अभ्यास कसाबसा चालू राहिला, शेजारच्या घरातील मुलाचा थांबला. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की पंचायतीतून निघणारी पहिली जोडणी शाळेला मिळावी आणि संध्याकाळी शाळेची ती खोली गावातील मोठ्यांनाही खुली असावी. सातबारा पाहणे, शिष्यवृत्तीचा अर्ज भरणे, पैसे मागणारा खोटा संदेश ओळखणे, या गोष्टी शिकवाव्या लागतात. नुसती चित्रफीत पाहता येणे म्हणजे संगणकसाक्षरता नव्हे.

दुसरी पाटचारी भाषेची. २०११ च्या जनगणनेत सुमारे ३० लाख लोकांनी गोंडी ही आपली मातृभाषा म्हणून नोंदवली. संगणक प्रत्येक अक्षर एका क्रमांकाने ओळखतो, हे तुम्ही शिकला असाल. युनिकोड या जागतिक संकेतात देवनागरी ‘क’ चा क्रमांक २३२५ आहे. आपल्या शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली गोंडीसाठी लिपी तयार केली. तिच्या अक्षरांना असे क्रमांक मिळायला २०१७ साल उजाडले! ते ७२९६० पासून सुरू होतात. तोवर त्या लिपीतला शब्द बहुधा चित्र म्हणूनच पाठवावा लागे. गोंडी देवनागरीतही लिहिता येते आणि आपल्या शाळांना तेच सोयीचे पडेल. पण लिहिणारे हात हवेत.

लिहिता येत नसले तरी अडत नाही. छत्तीसगडमध्ये पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० साली ‘सीजीनेट स्वर’ सुरू केले. साध्या फोनवरून क्रमांक फिरवावा, गोंडीत आपली तक्रार किंवा बातमी सांगावी, इतरांनी ती फोनवरच ऐकावी. इंटरनेटची गरजच नाही. गावापर्यंत जलद जोडणी पोहोचण्याची वाट पाहत बसू नये, हे यावरून दिसते.

तेव्हा शिक्षकांना एक सूचना. वर्गात ज्यांच्या घरी गोंडी बोलली जाते, त्या मुलांना एका शनिवारी पुढे बोलवा. त्यांच्या आजी-आजोबांकडून तलावातील माशांची, जंगलातील झाडांची आणि पाखरांची गोंडी नावे फोनवर ध्वनिमुद्रित करून आणायला सांगा. प्रत्येक नावापुढे मराठी नाव आणि जमल्यास शास्त्रीय नाव लिहा. उरलेल्या वर्गाने त्या मुलांकडून उच्चार शिकावेत. पुढे जोडणी आली, की पाठवायला काहीतरी तयार असेल.